३० दिवसांचं रेकॉर्डिंग १५ दिवसांतच पुसलं जातं: सीसीटीव्हीच्या साठवणुकीतला बिघाड कसा शोधायचा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, मार्केट यार्डातला कांद्याचा गाळा असो की नवी पेठेतलं कापड दुकान, सोलापुरात सीसीटीव्हीबद्दलची तक्रार बहुतेक एकच असते. मालातली तूट वीस दिवसांनी लक्षात येते, मालक फुटेज काढायला सांगतात आणि एनव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं चित्रण डिस्कवर साठवणाऱ्या रेकॉर्डरमध्ये) त्या तारखेचं काहीच सापडत नाही. मग डिस्क गेली म्हणून नवी टाकली जाते. दोन महिन्यांनी पुन्हा तेच रडगाणं.

यातल्या बऱ्याच ठिकाणी डिस्क ठणठणीत असते. चुकलेला असतो तो दिवसाला किती जीबी लिहिलं जातं याचा अंदाज. म्हणून पाकीट बाहेर काढण्याआधी मोजमाप करा.

आधी हे ठरवा: दिवस कमी पडतायत की मधे भोकं आहेत?

दोन्ही तक्रारी "रेकॉर्डिंग नाही" या एकाच वाक्यात सांगितल्या जातात, पण त्यांची कारणं वेगळी असतात. एनव्हीआरच्या प्लेबॅकमध्ये जाऊन प्रत्येक कॅमेऱ्याची सर्वांत जुनी तारीख कागदावर लिहून काढा. ३२ कॅमेऱ्यांना वीस मिनिटं लागतात आणि अर्धं निदान तिथेच होतं.

सगळ्या कॅमेऱ्यांची जुनी तारीख साधारण एकच आणि तिथपासून आजपर्यंत पट्टी सलग असेल, तर साठवण अपुरी आहे. काही कॅमेऱ्यांचे ३५ दिवस आणि काहींचे ६ असतील, तर कोटा किंवा डिस्क ग्रूपची मांडणी चुकली आहे. एखाद्या डिस्कला फक्त आठ कॅमेरे जोडलेले असतात आणि बाकीचे चोवीस दुसऱ्या डिस्कवर दाटीवाटीने बसलेले असतात. तारीख ठीक पण पट्टी तुटक असेल तर दोष नेटवर्कमध्ये, विजेत किंवा घड्याळात शोधायचा. त्याकडे पुढे येऊ.

याच वेळी स्टोरेजच्या पानावर दोन गोष्टी पाहून घ्या. बसवलेल्या सगळ्या डिस्क "नॉर्मल" दिसतात का? चार डिस्क बसवल्या, पण त्यातल्या एकीचं इनिशियलायझेशन (रेकॉर्डरसाठी डिस्क तयार करून घेणं) राहूनच गेलं, असं होतं. ती खणात फिरत राहते, तिच्यावर एक अक्षर लिहिलं जात नाही. दुसरं म्हणजे "इतक्या दिवसांनी आपोआप पुसा" असा पर्याय बऱ्याच रेकॉर्डरमध्ये असतो. तिथे कुणी ७ किंवा १५ भरून ठेवलं असेल, तर शंभर टीबी जोडली तरी दिवस वाढणार नाहीत.

हिशेब एकदा हाताने करा

बिटरेट म्हणजे कॅमेरा सेकंदाला किती डेटा पाठवतो तो वेग, आणि एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. पाठ करण्यासारखा आकडा एकच आहे. १ एमबीपीएस बिटरेट २४ तास चालला की १०.८ जीबी होतात. (८ बिटांचा एक बाइट, म्हणून ८६,४०० सेकंद भागिले ८ केलं की १०,८०० एमबी.) बाकी सगळा गुणाकार.

अक्कलकोट रोडवरचा ३२ कॅमेऱ्यांचा कारखाना उदाहरणाला घेऊ. २० कॅमेरे मागांच्या हॉलमध्ये, १२ गोदाम, गेट आणि आवारात. सगळे ४ मेगापिक्सेल, एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत, म्हणजे कोडेक). कोटेशन देणाऱ्याने कॅमेऱ्यामागे २ एमबीपीएस धरले. ३२ × २ × १०.८ म्हणजे दिवसाला ६९१ जीबी, ३० दिवसांना २०.७ टीबी. म्हणून ६ टीबीच्या चार डिस्क घेतल्या. २४ टीबी झाले, वर थोडी मोकळी जागाही राहिली. कागदावर सगळं छान.

मग कुणीतरी सुरक्षित राहावं म्हणून रेड-५ चालू केलं, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशा रीतीने डिस्क एकत्र जोडल्या. एका डिस्कएवढी जागा पॅरिटीत (गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत मिळवण्यासाठीच्या माहितीत) गेली, उरले १८ टीबी. म्हणजे कोटेशनचा २ एमबीपीएसचा आकडा खरा धरला तरी २६ दिवसच मिळणार होते. आणि तो आकडा खरा नव्हताच. मागांच्या हॉलमधले २० कॅमेरे रात्रंदिवस ४ एमबीपीएसच्या मर्यादेला चिकटून चालत होते, बाहेरचे १२ सरासरी २.५ वर. ८० अधिक ३० असे ११० एमबीपीएस झाले, दिवसाला १,१८८ जीबी. १८,००० भागिले १,१८८, उत्तर १५ दिवस. शीर्षकातले पंधरा ते हेच.

एक बारीक खोच आहे. रेकॉर्डरच्या किंवा विंडोजच्या पडद्यावर हेच १८ टीबी १६.३७ असे दिसतात, कारण डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४ च्या. जागा हरवलेली नाही. फक्त पडद्यावरचे १६.३७ आणि १०.८ च्या गुणाकाराचं उत्तर एकाच हिशेबात मिसळू नका, नाहीतर ९ टक्क्यांची गडबड होईल.

खरा बिटरेट मोजण्याच्या तीन रीती आहेत. रेकॉर्डरच्या नेटवर्क पानावर एकूण आवक बँडविड्थ दिसते. ती सकाळी ११, दुपारी ३, रात्री ९ आणि पहाटे २ वाजता टिपा. दुसरी रीत म्हणजे एका कॅमेऱ्याचं तासाभराचं फुटेज पेनड्राइव्हवर काढून फाइलचा आकार पाहायचा. १.८ जीबी भरली तर बिटरेट ४ एमबीपीएस, ०.९ जीबी भरली तर २. दिवसाची आणि रात्रीची फाइल वेगवेगळी काढा. तिसरी उलटी रीत: वापरण्याजोगी एकूण जागा (जीबीत) भागिले सध्या मिळणारे दिवस, आणि त्याला पुन्हा १०.८ ने भागलं की एकूण एमबीपीएस. तिन्ही उत्तरं दहा टक्क्यांच्या आत जुळली पाहिजेत. तिसरं उत्तर पहिल्या दोनपेक्षा बरंच मोठं आलं तर सगळी डिस्क वापरात नाही, किंवा मुख्य स्ट्रीमबरोबर सबस्ट्रीमही (त्याच कॅमेऱ्याचं कमी दर्जाचं दुसरं चित्रण) साठवला जातोय. "ड्युअल स्ट्रीम" रेकॉर्डिंग नकळत चालू राहिलं आणि सबस्ट्रीम अर्धा एमबीपीएस असेल, तर ३२ कॅमेऱ्यांचे दिवसाला १७३ जीबी असेच जातात.

बिटरेट इतका फुगतो कशामुळे

सेटिंगमधला बिटरेटचा आकडा व्हेरिएबल मोडमध्ये कमाल मर्यादा असतो. चित्र स्थिर असेल तर कॅमेरा त्याच्या खाली राहतो, हलत असेल तर मर्यादेला टेकतो. कॉन्स्टंट मोडमध्ये मात्र रिकाम्या भिंतीलाही तेवढेच बिट मिळतात. काही कॅमेरे कारखान्यातून कॉन्स्टंट मोडवरच येतात. हे आधी तपासा, फुकटची बचत आहे.

यंत्रमागाचा हॉल ही कॅमेऱ्याच्या दृष्टीने फार वाईट जागा. धोटा, फणी, रूळ, उडणारी रुई, चौकटीतलं काहीच थांबत नाही. एच.२६५ ची बचत आधीच्या फ्रेमशी असलेल्या साम्यावर चालते, इथे साम्यच कमी. शांत कॉरिडॉरमध्ये निम्मी-पाऊण बचत दाखवणारा "स्मार्ट" किंवा "प्लस" कोडेक इथे जेमतेम काही टक्के देतो. कंपनीच्या कॅलक्युलेटरमध्ये देखावा "कमी हालचाल" असा निवडलेला राहतो आणि अंदाज तिथेच बिघडतो.

त्यात कॅमेरा पत्र्याच्या शेडच्या कैचीला बसवला असेल तर आणखी पंचाईत. माग चालू झाले की कैची थरथरते, कॅमेरा थरथरतो आणि एन्कोडरला (कॅमेऱ्यातल्या व्हिडिओ दाबणाऱ्या भागाला) संपूर्ण चौकट हललेली दिसते. फुटेज एकेक फ्रेम पुढे सरकवून भिंतीची कड पाहा. एक-दोन पिक्सेल मागेपुढे होत असेल तर हाच दोष. कॅमेरा सिमेंटच्या खांबावर किंवा भिंतीवर हलवा, ब्रॅकेटखाली रबराची चकती घाला. कैचीशिवाय जागाच नसेल तर दोन कैच्यांना जोडणाऱ्या आडव्या अँगलऐवजी खांबाजवळच्या टोकाला बसवा, तिथे थरथर कमी असते.

मोशन रेकॉर्डिंग (हालचाल दिसली तरच साठवणं) लावून जागा वाचेल ही आशा अशा हॉलमध्ये सोडून द्या. मोशन अखंड चालूच राहतं. फार तर मोशनचं क्षेत्र मागांमधल्या वाटेवर आणि दरवाजावर आखून घ्या आणि बाकी चौकट वगळा. गोदामात मात्र मोशन खरंच उपयोगी पडतं. तिथे आधीचे ५ ते १० सेकंद आणि नंतरचे ३० सेकंद ठेवले तर प्रसंग तुटत नाही.

रात्रीचा बिटरेट दिवसापेक्षा जास्त दिसला तर दचकू नका. अंधारात सेन्सर गेन (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवतो, चित्रात दाणे येतात, आणि एन्कोडरला दाण्यांची नाचानाच म्हणजे हालचालच वाटते. गेनला वरची मर्यादा घाला, नॉइज रिडक्शन मध्यमवर ठेवा. खरा इलाज म्हणजे उजेड. आवारात २० वॅटचा एलईडी फ्लडलाइट लावल्यावर बिटरेट किती खाली आला ते त्याच रात्री पडद्यावर वाचता येतं. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या आयआर (इन्फ्रारेड) दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो आणि जाळं थेट काचेसमोर झुलतं. त्या एका जाळ्यापायी गोदामाचा कॅमेरा रात्रभर "मोशन" दाखवत राहतो. आठवड्यातून एकदा लांब काठीला फडकं बांधून फिरवायचं, यापलीकडे उपाय नाही.

सोलापुरात हंगामाचाही हिशेब ठेवावा लागतो. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेला होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते आणि त्या बाजूच्या रस्त्यांवर रात्री उशिरापर्यंत माणसं असतात. दर्शनी कॅमेरे व्हेरिएबल मोडमध्ये असले तर या काळात बिटरेट मर्यादेला जाऊन टेकतो. मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढली की रात्रभर ट्रक आणि त्यांचे हेडलाइट. जूनमधल्या शांत आठवड्यात केलेलं मोजमाप जानेवारीत तोकडं पडतं. मोजणी गर्दीच्या आठवड्यात करा, ते जमत नसेल तर दर्शनी कॅमेरे पूर्ण मर्यादेनेच चालतील असं धरा.

कॅमेऱ्यात काय बदलायचं

हॉलमधल्या कॅमेऱ्यांना २५ फ्रेमची गरज नाही, १५ पुरतात. पण फ्रेम कमी करून बिटरेटची मर्यादा ४ वरच ठेवली तर जागा वाचेलच असं नाही. उरलेले बिट कॅमेरा प्रत्येक फ्रेमचा दर्जा वाढवण्यात घालतो. मर्यादाही हाताने ३ वर आणा आणि मागचा माणूस ओळखू येतो का ते पाहा. आय-फ्रेमचं (पूर्ण चित्र साठवणाऱ्या फ्रेमचं) अंतर दोन सेकंदांचं ठेवा, म्हणजे १५ फ्रेमला ३०. आधी २५ ला २५ असेल तर दर सेकंदाला एक पूर्ण चित्र साठवलं जात होतं.

रोकड मोजण्याच्या टेबलावरचा आणि गेटवर गाडीचा नंबर टिपणारा कॅमेरा यांना मात्र हात लावू नका. तिथे बिट वाचवले तर फुटेज महिनाभर राहील, पण नोट पाचशेची की शंभरची ते कळणार नाही.

वरच्या उदाहरणात हॉलचे २० कॅमेरे ३ वर आणले, बाहेरचे २.५ वरच राहिले, तर एकूण ९० एमबीपीएस. दिवसाला ९७२ जीबी, ३० दिवसांना २९.२ टीबी. त्यावर २० टक्के मोकळी जागा धरली की ३५ टीबी वापरण्याजोगे हवेत. डिस्कची खरेदी आता, या आकड्यावर.

डिस्क आणि रेड

३५ टीबी हवेत आणि डिस्क ८ टीबीची, तर रेड-६ मध्ये (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो) सात लागतात. पाच डेटाच्या, दोन पॅरिटीएवढ्या. ४० टीबी मिळतात, म्हणजे या बिटरेटला ४१ दिवस. आठ खणांच्या रेकॉर्डरमध्ये आठवी डिस्क हॉट स्पेअर, म्हणजे एखादी गेली की आपोआप तिची जागा घेणारी, म्हणून ठेवा. रेड-५ मध्ये एक डिस्क वाचते, पण ८ टीबीची डिस्क गेल्यावर नवी भरायला १०० एमबी प्रति सेकंद वेगानेही २२ तास लागतात, आणि रेकॉर्डिंग चालू असताना तो वेग मिळत नाही. दोन-तीन दिवस जातात. त्या काळात एकाच खेपेतली, तोच उकाडा सोसलेली दुसरी डिस्क अडखळली की सगळंच गेलं.

चार खणांच्या छोट्या रेकॉर्डरमध्ये मात्र रेड न लावणंच बरं. डिस्क स्वतंत्र ठेवल्या तर एक गेल्यावर तिच्यावरचेच दिवस जातात आणि पूर्ण जागा वापरता येते. महत्त्वाच्या तीन-चार कॅमेऱ्यांत १२८ जीबीचं हाय एंड्युरन्स मेमरी कार्ड घाला. ३ एमबीपीएसला ते जवळपास चार दिवस पुरतं आणि नेटवर्क तुटलेल्या काळाचं फुटेज काही रेकॉर्डर त्यातून नंतर ओढूनही घेतात.

डिस्क सर्व्हेलन्ससाठीचीच घ्या. डब्ल्यूडी पर्पल, सीगेट स्कायहॉक या मालिका चोवीस तास लिहिण्यासाठी बनवल्या आहेत आणि त्यांचा नेमून दिलेला वार्षिक भार साधारण १८० टीबी आहे. आपल्या उदाहरणात वर्षाला ३५५ टीबी पाच डेटा डिस्कवर वाटले जातात, प्रत्येकी ७१. भरपूर सवड आहे. डेस्कटॉपची डिस्क स्वस्तात मिळते, पण खराब सेक्टर आला की ती बराच वेळ तोच वाचत बसते. तोवर रेड तिला मेलेली समजून बाहेर काढतं. काही स्वस्त डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिण्याची एसएमआर पद्धत असते. रेडच्या पुनर्बांधणीत त्या इतक्या मंदावतात की काम आठवडाभर रेंगाळतं. डेटाशीटमध्ये सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवणारी पद्धत) लिहिलंय याची खात्री करूनच पैसे द्या. एका रेकॉर्डरमध्ये किती खणांपर्यंत ती डिस्क चालते, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

डिस्कची तब्येत रेकॉर्डरमध्ये स्मार्टच्या (डिस्क स्वतःची तपासणी करून देते त्या आकड्यांच्या) पानावर वाचता येते. क्रमांक ५ (बदललेले सेक्टर), १९७ (संशयित सेक्टर) आणि १९८ (न वाचता आलेले) शून्याच्या वर जाऊन दर आठवड्याला वाढत असतील तर डिस्क बदला. १९९ वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, साटा केबल किंवा मागचा कनेक्टर सैल आहे. चांगल्या डिस्क या एका गैरसमजापायी बदलल्या जातात.

मधली भोकं

पट्टीतलं भोक कुणाकुणात एकाच वेळी आहे ते पाहा. सगळ्या ३२ मध्ये असेल तर रेकॉर्डर, वीज किंवा घड्याळ. एका स्विचवरच्या कॅमेऱ्यांतच असेल तर तो स्विच किंवा त्याचा अपलिंक (स्विचकडून रेकॉर्डरकडे जाणारी जोडणी). एकाच कॅमेऱ्यात असेल तर केबल, आरजे-४५ किंवा कॅमेरा.

स्विचचा अपलिंक हा सोलापुरातल्या जुन्या बसवणुकींमधला नेहमीचा चोर आहे. २४ पोर्टचा पीओई (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा) स्विच, पण अपलिंक १०० एमबीपीएसचा, किंवा स्विच गिगाबिट आणि मधला फायबर मीडिया कन्व्हर्टर १०० चा. हॉलमधले २० कॅमेरे सरासरी ८० एमबीपीएस देतात, तेवढ्यावर चालायला हवं असं वाटतं. पण आय-फ्रेम एकदम मोठी येते. पाच-सहा कॅमेऱ्यांच्या आय-फ्रेम एकाच क्षणी आल्या की स्विचचा बफर भरतो आणि पॅकेट गळतात. प्लेबॅकमध्ये दोन-चार सेकंदांची उडी किंवा राखाडी चौकोन दिसतात. अपलिंक क्षमतेच्या ६०-७० टक्क्यांवर चढू देऊ नका. इथे गिगाबिट हवाच.

रेकॉर्डरलाही आवक बँडविड्थची मर्यादा असते. "३२ चॅनेल" लिहिलेल्या डब्याची आवक १६० एमबीपीएसच असू शकते, आणि काही मॉडेलमध्ये रेड चालू केल्यावर ती आणखी कमी होते. डेटाशीटमधली ती तळटीप वाचा. मर्यादा ओलांडली की शेवटचे कॅमेरे जोडलेच जात नाहीत किंवा आळीपाळीने गळतात.

रोज दिवेलागणीला काही कॅमेरे बंद पडून पुन्हा चालू होत असतील तर पीओईचं बजेट मोजा. दिवसा कॅमेरा ५ वॅट घेतो, आयआर लागला की १० च्या आसपास. २० कॅमेरे दिवसा १०० वॅट, रात्री २००. स्विचचं एकूण बजेट १९० वॅट असेल तर संध्याकाळी सातच्या सुमारास एक-दोन पोर्ट बळी जाणारच. प्रत्येक पोर्ट ८०२.३एएफ प्रमाणे १५.४ वॅट देऊ शकतो, याचा अर्थ सगळे एकदम देऊ शकतात असा नाही. यात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम केबल असली तर लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज पडतं. शुद्ध तांब्याची कॅट-६, आणि १०० मीटरच्या आत.

दोन इमारतींमध्ये केबल तांब्याची न टाकता फायबर टाका. एप्रिल-मे महिन्यात वळीव गडगडत येतो तेव्हा विजेचा झटका तांब्याच्या केबलमधून आत येतो आणि आवारातल्या खांबावरचा एक कॅमेरा स्विचचे चार पोर्ट घेऊन जातो.

वीज

एनव्हीआर यूपीएसवर आणि पीओई स्विच साध्या सॉकेटवर, ही मांडणी बघून हसू येतं, पण ती सर्रास आढळते. वीज गेली, जनरेटर सुरू झाला, पुन्हा महावितरणचा पुरवठा आला. दर बदलाला कॅमेरे रीबूट होतात आणि प्रत्येक वेळी दीड-दोन मिनिटांचं भोक पडतं. नेमकं ज्या क्षणी वीज गेली त्याच क्षणाचं फुटेज हवं असतं, हे वेगळं सांगायला नको.

रेकॉर्डर १०० वॅट, एक भरलेला स्विच २००, इतर ५०. ३५० वॅटला १ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस आणि बाहेर १२ व्होल्ट २६ एएचच्या तीन बॅटऱ्या बऱ्या अवस्थेत असताना साधारण दीड तास देतात. बॅटऱ्या दर सहा महिन्यांनी लोडवर तपासा. सोलापूरच्या उन्हाळ्यात यूपीएस पत्र्याखाली ठेवला तर त्या फार लवकर झिजतात.

उष्णता आणि रुई

सर्व्हेलन्स डिस्कची कमाल मर्यादा ६५ अंशांच्या आसपास लिहिलेली असते, पण ते आयुष्य घालवायचं तापमान नव्हे. ४५ च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करा, ५० ला अलार्म लावा. मे महिन्यात बाहेर ४३-४४ असताना पत्र्याखालच्या केबिनमध्ये, बंद रॅकमध्ये डिस्क सहज साठीला जाते. दुपारी दोन ते पाचमध्येच रेकॉर्डिंग अडखळत असेल तर स्मार्टमधला १९४ क्रमांक (तापमान) त्याच वेळी वाचा.

मागांच्या हॉलमधली रुई रेकॉर्डरच्या पंख्यावर नमदा जमावा तशी बसते. हवा येण्याच्या जाळीवर धुता येणारा फोम लावा, पंधरा दिवसांनी धुवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर जोराने फिरून बेअरिंग जातं. रॅक हॉलमध्ये ठेवूच नका. कंप डिस्कलाही बाधतात. ऑफिसच्या आतल्या भिंतीची छोटी खोली घ्या. रेकॉर्डर, स्विच आणि यूपीएस मिळून उष्णता चार-पाचशे वॅटच असते, एक टनाचा एसी तिला भरपूर आहे. पण तो २४ तास चालणार, म्हणून दोन एसी टायमरवर आळीपाळीने चालवा.

घड्याळ

रेकॉर्डिंग असतं, पण चुकीच्या तारखेखाली. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की वीज गेल्यानंतर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. नव्या फुटेजला जुनी तारीख लागते आणि काही रेकॉर्डर "सर्वांत जुनं आधी पुसा" या नियमाने तेच पुसू लागतात. सेल बदला. मग एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय) लावा: कॅमेऱ्यांनी वेळ रेकॉर्डरकडून घ्यायची आणि रेकॉर्डरने बाहेरून, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरवरून घेतली तर उत्तम. टाइम झोन ५:३० आहे ना, ते कॅमेऱ्यातही पाहा. चीनचा ८:०० तसाच राहिला तर चित्रावरची वेळ अडीच तास पुढे दिसते.

६४ कॅमेऱ्यांच्या पुढे: सर्व्हर

कॅमेरे शंभरीकडे गेले की एनव्हीआर सोडून व्हीएमएस (कॅमेऱ्यांचं व्हिडिओ साठवणारं सॉफ्टवेअर) चालवणाऱ्या सर्व्हरकडे वळावं लागतं. १०० कॅमेरे ४ एमबीपीएसने म्हणजे ४०० एमबीपीएस, लिहिण्याचा वेग सेकंदाला ५० एमबी. प्रोसेसरला हे जड नाही, कारण साठवताना व्हिडिओ उलगडावा लागत नाही. सर्व्हरवरच मोशन ओळखायला लावलं की मात्र प्रत्येक स्ट्रीम उलगडावा लागतो आणि प्रोसेसर धापा टाकतो. ते काम कॅमेऱ्याकडे द्या.

ऑपरेटिंग सिस्टीम आणि डेटाबेस दोन एसएसडीच्या रेड-१ वर, व्हिडिओ वेगळ्या रेड-६ वर. व्हिडिओचा ड्राइव्ह ६४ केबी क्लस्टरने फॉरमॅट करा, इंडेक्सिंग बंद, अँटिव्हायरसमधून तो फोल्डर वगळा. अँटिव्हायरस दर फाइल तपासत बसला की दर काही मिनिटांनी नेमकी एकसारखी गळती दिसते. विंडोज अपडेटचा रीबूट पहाटेवर न सोडता महिन्यातला एक दिवस ठरवून हाताने घ्या. कॅमेऱ्यांसाठी एक नेटवर्क पोर्ट, बघणाऱ्यांसाठी दुसरा. भिंतीवर ३२ चौकटी लावायच्या तर सबस्ट्रीमवर लावा. मुख्य स्ट्रीमवर लावल्या तर बघणाऱ्याचा संगणक गुदमरतो आणि दोष सर्व्हरला मिळतो.

घटना घडल्यावर

पहिलं काम ती क्लिप लॉक करणं, कारण पुसण्याची रांग थांबत नाही. मग मूळ फॉरमॅटमध्ये प्लेअरसकट काढा. ४ एमबीपीएसच्या चार कॅमेऱ्यांचे २४ तास म्हणजे १७३ जीबी, आणि यूएसबी २ पोर्टवर २५ एमबी प्रति सेकंद वेगाने दोन तास. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, रेकॉर्डर चालवत असेल तर एक्सफॅट करा. फुटेज न्यायालयात जाणार असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमधून गणिताने निघणारा ओळख-आकडा, फाइल बदलली की तोही बदलतो) लिहायची असते. कॉपी केल्या केल्या एसएचए-२५६ पद्धतीची हॅश काढून ठेवा. चित्रावरची वेळ खऱ्या वेळेपेक्षा किती मागेपुढे होती, तेही त्याच दिवशी लिहून घ्या.

सगळे बदल केल्यानंतर ठेकेदाराचं शेवटचं बिल ३१ व्या दिवसापर्यंत थांबवा. त्या दिवशी पहिल्या दिवसाचं, पहाटे दोनच्या सुमाराचं फुटेज हॉलच्या कुठल्याही तीन कॅमेऱ्यांतून त्याच्याच हाताने उघडून घ्या.